घरातील बिनतारी पेटी आणि तारेची वाट
(प्राथमिक शिक्षकांच्या सभेसाठी तयार केलेले भाषण)



कुंभवली, सरावली, कोलवडे, सालवड, पामटेंभी ही तारापूर औद्योगिक वसाहतीच्या कडेची गावे. शाळेची घंटा झाली की शिक्षकाचा दिवस संपला, असे म्हणण्याचा काळ या गावांतही मागे पडला आहे. यू-डायस प्लसची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, वरिष्ठ कार्यालयाने सायंकाळी मागविलेला आणि सकाळपर्यंत हवा असलेला तक्ता, ही कामे बहुधा घरी, जेवणे आटोपल्यावर, इंटरनेटच्या आधाराने होतात. 2020 च्या जूनमध्ये 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या घोषवाक्यानिशी शैक्षणिक वर्ष उघडले, तेव्हा तर शिक्षकाची पडवी हाच वर्ग झाला होता. त्या वर्षी अनेक घरांत प्रथमच एक लहानशी पेटी आली. तिला राउटर म्हणतात. राउटर म्हणजे वाटाड्या. बाहेरून आलेला संदेश घरातील कोणत्या यंत्राकडे जावयाचा, हे तो ठरवितो, आणि त्याच पेटीत बसविलेला बिनतारी प्रक्षेपक तो संदेश हवेतून त्या यंत्रापर्यंत पोहोचवितो.

ही पेटी घरात आली खरी, परंतु तिच्याविषयीचे ज्ञान तिच्याबरोबर आले नाही. चित्र अडखळू लागले, तक्ता चढेना, की घरातील मंडळी पेटीला दोष देतात आणि बाजारात जाऊन अधिक अँटेनांची, अधिक मोठ्या आकड्याची पेटी घेऊन येतात. शिंगे पाहून बैल घेण्यासारखाच हा व्यवहार होय. पगाराच्या मर्यादेत संसार चालविणाऱ्या शिक्षकाला तो परवडणारा नाही. शिवाय पैसे जाऊन अडचण तशीच राहते, ते वेगळेच.

संदेशाच्या प्रवासाचे तीन टप्पे ध्यानी घेतले, तर दोष कोठे आहे हे शोधता येते. पहिला टप्पा सेवा पुरविणाऱ्या कंपनीपासून घराच्या भिंतीपर्यंतचा. हल्ली तो बहुधा काचेच्या तंतूचा, म्हणजे फायबरचा असतो. दुसरा टप्पा स्वतः ती पेटी. तिसरा टप्पा पेटीपासून हातातील यंत्रापर्यंतची हवा. लोक ज्याला वायफाय म्हणतात ते या शेवटच्या टप्प्याचे नाव आहे. संपूर्ण इंटरनेटचे नव्हे. हा भेद मनात पक्का नसल्यामुळे, रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटलेली असता माणसे घरातील पेटी बदलतात, आणि पेटी लोखंडी कपाटामागे कोंडलेली असता कंपनीकडे तक्रार करीत राहतात.

या हवेच्या टप्प्याचे शास्त्र अपरिचित नाही. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी 1895 साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विद्युतचुंबकीय तरंग भिंतींपार नेऊन पलीकडची घंटा वाजवून दाखविली होती. भिंत ओलांडता येते, हे तेव्हाच सिद्ध झाले. मात्र ओलांडताना तरंगाची शक्ती किती खर्च होते, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर तरंगलांबीवर पुष्कळसे अवलंबून आहे. सामान्यतः लांब तरंग अडथळे सोसतो; आखूड तरंग अडथळ्यापाशी लवकर दमतो.

या नियमाचा मोठा प्रयोग पालघर तालुक्यातच झालेला आहे. मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापक अभय करंदीकर व त्यांचे सहकारी यांनी खामलोली आणि तिच्या आसपासची बहाडोली, धुकटण आदी सात गावे त्यासाठी निवडली. (बहाडोली हे नाव बाहेरच्या जगाला जांभळांमुळे ठाऊक आहे, बिनतारी संशोधनातही ते नोंदले गेले, हे तेथील शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावे.) डोंगर, झाडी आणि विखुरलेले पाडे यांमुळे प्रत्येक ठिकाणी फायबर नेणे अवघड व खर्चाचे. तेव्हा दूरदर्शनच्या प्रक्षेपणासाठी राखलेला, परंतु बहुतांशी रिकामा राहिलेला 470 ते 590 मेगाहर्ट्झचा पट्टा त्यांनी प्रायोगिक परवान्याने वापरून पाहिला. या पट्ट्यातील तरंगांची लांबी अर्ध्या मीटरच्या आसपास किंवा त्याहून थोडी अधिक. झाडीतून आणि उंचसखल भूमीवरून ते बऱ्यापैकी पुढे जातात. पुढील टप्प्यात त्याच 'ग्राम मार्ग' प्रकल्पाने 25 गावांसाठी 5.8 गिगाहर्ट्झचा परवानामुक्त पट्टा घेतला. तेथे तरंगाची लांबी जेमतेम पाच सेंटिमीटर. उपकरण स्वस्त आणि वेग चांगला. परंतु एका टोकाच्या अँटेनाला दुसऱ्या टोकाची अँटेना दिसली पाहिजे, ही अट. मध्ये टेकडी आली की काम अडले. या प्रकल्पाला 2017 साली मोझिला संस्थेच्या 'इक्वल रेटिंग' स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले.

या प्रकल्पात बिनतारी साधनांचा एवढा विचार झाला, तरी मूळ पुरवठा तारेनेच यावयाचा होता, ही गोष्ट नजरेआड होऊ नये. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आणि तेथून पुढे पाड्यांकडे हवा, अशी ती योजना होती. जेथवर तार नेणे शक्य आणि परवडण्याजोगे आहे तेथवर तारच न्यावी. हवेवर भार टाकावयाचा तो त्यापुढे. तालुक्याला जो न्याय, तोच चार खोल्यांच्या घरालाही लागू आहे.

आता प्रत्यक्ष घराकडे वळावे. समजा, कुंभवलीत एका शिक्षिकेचे घर आहे. पुढे पडवी, मग बैठकीची खोली, माजघर, स्वयंपाकघर आणि अगदी मागे नंतर बांधलेली काँक्रीटच्या छताची खोली. जोडणी करावयास आलेल्या मुलाने फायबर पुढच्या खिडकीतून आत घेतली आणि जवळच दूरचित्रवाणीच्या फळीवर पेटी ठेवली, कारण त्याला तेथे तार कमी लागली. पेटीच्या उजव्या हाताला लोखंडी कपाट. बाईंचे रात्रीचे काम चालते मागच्या खोलीत, कारण पुढे सासऱ्यांची बातम्यांची वेळ असते. बाईंचा दहावीतील मुलगाही मागेच अभ्यासाला बसतो. मागच्या खोलीत तक्ता चढत नाही, म्हणून बाई रात्री अकरा वाजता लॅपटॉप घेऊन पडवीच्या पायरीवर येऊन बसतात. डासांचा त्रास होतो तो निराळाच. अशी घरे कल्पनेत शोधावी लागत नाहीत.

या घरात नवी पेटी आणण्यापूर्वी तीन मोजमापे घेतली पाहिजेत. वेग मोजण्याची साधने विनामूल्य मिळतात. प्रथम लॅपटॉप लॅन केबलने थेट पेटीला जोडून वेग पाहावा. नंतर केबल काढून, पेटीपासून दोन-तीन मीटरवर, मध्ये काही आडवे नसताना, बिनतारी वेग पाहावा. शेवटी मागच्या खोलीत, नेहमीच्या जागी बसून पाहावा. घरातील इतरांची यंत्रे त्या वेळी बंद असावीत आणि प्रत्येक मोजणी दोन-तीनदा करावी, कारण एकाच आकड्यावर विसंबणे हे विज्ञानाच्या शिक्षकाला शोभत नाही.

समजा, योजना 40 मेगाबिटची आहे. केबलने 38 आले, जवळ हवेतून 35 आले आणि मागच्या खोलीत 4 आले. तर सेवा चोख आहे, पेटीही चोख आहे. दोष भिंतींचा व जागेचा आहे. याउलट केबलनेच 6 आले, तर पेटी बदलून काही लाभ नाही. कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि तीत हे आकडे तारीखवार लिहावेत. केबलने 38 व जवळ हवेतून 12 आले, तर मात्र पेटी किंवा लॅपटॉप जुना आहे, किंवा शेजारच्या पेट्यांची गर्दी आहे. येथेच हेही सांगणे इष्ट, की मेगाबिट आणि मेगाबाइट एक नव्हेत. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून 40 मेगाबिटच्या जोडणीवर 5 मेगाबाइटची फाइल उतरण्यास एक सेकंद लागतो, एक अष्टमांश सेकंद नव्हे. पुष्कळांचा संताप या एका भागाकारानेच शमेल.

गर्दीचा मुद्दा औद्योगिक वसाहतीलगतच्या वस्तीत विशेष महत्त्वाचा आहे. कामगारांच्या चाळींत एकाला एक लागून खोल्या असतात आणि एका ठिकाणी उभे राहिले तरी वीस-वीस पेट्यांची नावे भ्रमणध्वनीवर दिसतात. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात 2005 साली परवानामुक्त झाला. कोणीही वापरावा, म्हणून शेजाऱ्याविरुद्ध दाद मागण्याचीही सोय नाही. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा तीनच आहेत: क्रमांक 1, 6 आणि 11. ब्लूटूथची उपकरणे आणि मायक्रोवेव्ह भट्टी हीही याच पट्ट्यात लुडबुड करतात. 5 गिगाहर्ट्झचा पट्टा अधिक ऐसपैस आहे. ऑक्टोबर 2018 च्या अधिसूचनेने त्याचा फार मोठा भाग मोकळा झाला. तेथे वेगही अधिक मिळतो. परंतु तरंग सहा सेंटिमीटरच्या आतला. दोन विटांच्या भिंती ओलांडताना तो क्षीण होतो आणि लोखंडी सळ्यांनी भरलेल्या काँक्रीटपुढे फार काळ टिकत नाही. खामलोलीच्या टेकडीने जे केले तेच माजघराची भिंत करते. म्हणून पेटी दोन्ही पट्ट्यांची असावी: जवळच्या यंत्रांना आखूड तरंग, लांबच्यांना लांब.

तार व हवा यांतील फरक समजण्यास वर्गाचेच उदाहरण घ्यावे. एका वर्गात चाळीस मुले आहेत आणि एका वेळी एकानेच बोलावयाचे असा नियम आहे. कोणी बोलत असेल तर दुसऱ्याने थांबावयाचे; दोघे एकदम बोलले तर दोघांचेही वाया जाते आणि पुन्हा सांगावे लागते. घरातील बिनतारी व्यवहार मुळात असा चालतो. त्यात मागच्या कोपऱ्यातील एखादा मुलगा हळू बोलणारा असला, तर त्याचे बोलणे पुरे होईतो सर्व वर्ग खोळंबतो. दूरच्या खोलीतील एक दुर्बल भ्रमणध्वनी साऱ्या घराचा वेग खाली ओढतो तो याच कारणाने. तारेची गोष्ट निराळी. तेथे प्रत्येक मुलाला गुरुजींच्या कानापर्यंत स्वतंत्र नळी दिलेली असते. तो बोलू शकतो आणि त्याच वेळी ऐकूही शकतो. शेजारची चाळ त्या नळीत शिरू शकत नाही.

या विवेचनावरून कोणते यंत्र कशाने जोडावे, हे ओघानेच ठरते. जे यंत्र जागचे हलत नाही, म्हणजे दूरचित्रवाणी संच, मेजावरचा संगणक किंवा मुद्रणयंत्र, त्याला तार द्यावी. ती यंत्रे हवेतून उतरली की उरलेली हवा हातातल्या यंत्रांना मोकळी होते. दूरचित्रवाणीला तार दिल्याने मागच्या खोलीतील मुलाचा अभ्यास सुधारतो, हे प्रथम ऐकताना विचित्र वाटते. पण ते खरे आहे.

कल्पिलेल्या त्या घरात काय करावे? सर्वांत आधी पेटी फळीवरून काढून माजघराच्या दारावर, माणसाच्या डोक्याहून उंच, उघड्यावर ठेवून पाहावी. लोखंडी कपाट, आरसा आणि पाण्याची टाकी यांपासून ती दूर असावी. फायबरची अंतर्गत तार थोडी वाढवून घ्यावी लागेल. ती तीव्र कोनात वाकवू नये, कारण वाकलेल्या काचेतून प्रकाश बाहेर निसटतो. एवढ्याने मागच्या खोलीत पुरेसा वेग आला, तर खर्च तेथेच थांबवावा. नाही आला, तर 15 मीटर लॅन केबल छताच्या कडेने प्लॅस्टिकच्या पट्टीतून मागच्या खोलीत न्यावी आणि तेथे एक साधी दुसरी पेटी बसवावी. जुनी पेटी घरात पडलेली असेल, तर पुष्कळदा तीच या कामी येते. तिचे वाटाड्याचे काम बंद करून केवळ प्रक्षेपकाचे काम चालू ठेवावयाचे असते. बाजारात एक्स्टेंडर नावाचे उपकरण मिळते. ते तारेविना बसते म्हणून लोकांना प्रिय आहे. परंतु साध्या प्रकारातले हे उपकरण जे ऐकते तेच त्याच हवेत पुन्हा बोलते, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. भिंतीला भोक पाडणे अगदीच अशक्य असेल तरच ते घ्यावे. भाड्याच्या घरात अर्थात तशी वेळ येते.

केबल घेताना ती तांब्याचीच आहे, हे पाहावे. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते. ती लवकर तुटते आणि नवापूर-तारापूरकडील खाऱ्या हवेत तिच्या टोकांचा भरवसा धरता येत नाही. 'कॅट 5ई' या प्रतीची केबल 100 मीटरपर्यंत एक गिगाबिट वेग वाहून नेते. घरासाठी याहून अधिक मागण्याचे कारण नाही. नवीन बांधकामात भिंतीतून नळी टाकावयाची असेल, तर 'कॅट 6' घालून ठेवावी.

पेटी विकत घेण्याचीच वेळ आली, तर डब्यावरच्या मोठ्या आकड्याने दिपून जाऊ नये. 'एसी 1200' असे लिहिलेले असते, ती 300 आणि 867 या दोन पट्ट्यांच्या कमाल वेगांची गोळाबेरीज, आणि तीही फुगवून पूर्ण केलेली. कोणत्याही एका यंत्राला 1200 कधी मिळत नाही. त्याऐवजी मागच्या बाजूचे पोर्ट पाहावेत. पुष्कळ स्वस्त पेट्यांचे पोर्ट 100 मेगाबिटचेच असतात. अशी पेटी 200 मेगाबिटच्या योजनेला जोडली, तर तारेने निम्मी योजना फुकट जाते. 'वायफाय 6' ही पिढी 2019 पासून प्रमाणित होऊ लागली. अनेक यंत्रे एकदम चालणाऱ्या घरात ती उपयोगी पडते. तथापि घरातील भ्रमणध्वनी जुन्या पिढीचे असतील, तर त्यांना तिचा लाभ अल्पच. आणखी एक खबरदारी अशी, की फायबरबरोबर कंपनी जी पेटी देते तीच बहुधा राउटरही असते. तिच्यापुढे आणखी एक राउटर तसाच जोडला, की घरात दोन वाटाडे होतात आणि एकाचा पाहुणा दुसऱ्याला ओळखू येत नाही. मुद्रणयंत्र सापडत नाही, अशा तक्रारींचे मूळ बहुधा तेथे असते.

सुरक्षिततेविषयी थोडे, पण निक्षून सांगावयास हवे. शिक्षकाच्या लॅपटॉपवर मुलांच्या जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे बँक खाते अशी माहिती असते. पेटीवर डब्ल्यूपीए 2 किंवा 2018 साली आलेली डब्ल्यूपीए 3 ही संरक्षणपद्धती असावी. पेटीच्या व्यवस्थेचा मूळ परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा, आणि बटण दाबून जोडणी देणारी डब्ल्यूपीएस सोय बंद ठेवावी. शेजारच्यांना जोडणी देणे हा गावचा शेजारधर्म आहे. तो मोडण्याचे कारण नाही. बहुतेक पेट्यांत पाहुण्यांसाठी वेगळे नाव ठेवता येते. शेजाऱ्यांना ते द्यावे.

पावसाळ्यापूर्वीच्या वळिवात या पट्टीत विजा फार. फायबर काचेची असल्याने तिच्यातून विजेचा धक्का येत नाही. तो येतो विजेच्या प्लगमधून आणि उघड्यावरून नेलेल्या तांब्याच्या केबलमधून. म्हणून एका इमारतीतून दुसरीत, उदाहरणार्थ शाळेतून समोरच्या समाजमंदिरात, जोडणी न्यावयाची असल्यास तांब्याची लॅन केबल झाडावरून ओढू नये. तेथे फायबरच वापरावी. गडगडाट सुरू होताच प्लग काढावा. वीज गेली की फायबर शाबूत असूनही पेटी बंद पडते, यास्तव 12 व्होल्टची लहान बॅटरी जोडून ठेवणे सोयीचे. पेटीला वीज अत्यल्प लागते.

तारापूरच्या परिसरात 'रेडिएशन' या शब्दाने माणूस दचकतो, आणि 1969 पासून अणुवीजकेंद्राच्या शेजारी राहणाऱ्यांनी दचकावे यात नवल नाही. पालक विचारतात, पेटीतूनही तेच निघते काय? शिक्षकाने हसून सोडून देऊ नये. किरणोत्सर्गी किरणांत अणूतील इलेक्ट्रॉन उडविण्याची शक्ती असते. पेटीच्या तरंगांत ती नसते. पेटीची प्रक्षेपणशक्ती साधारणतः वॉटच्या एक दशांशाच्या आसपास असते आणि अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाईवर येते. 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओ तरंगांना 'संभाव्य' गटात टाकले, ते मुख्यतः डोक्याला टेकून वापरलेल्या भ्रमणध्वनीविषयीच्या मर्यादित पुराव्यावरून. हेही पालकांपासून लपवू नये. ज्यांच्या मनात शंका उरते त्यांनी पेटी उशाशी ठेवू नये. शास्त्रदृष्ट्याही तिची जागा माजघराच्या दारावरच योग्य आहे.

वरच्या वर्गांतील मुलांकडून याचा एक पाठ सहज घेता येईल. शाळेचा आराखडा चौकटीच्या कागदावर काढावयाचा, प्रत्येक खोलीच्या चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी उभे राहून भ्रमणध्वनीवर दिसणारी तरंगशक्ती नोंदवावयाची आणि चौकटी तीन रंगांनी भरावयाच्या. भिंतीमागे रंग कसा बदलतो, लोखंडी कपाटामागे कसा काळवंडतो, पत्र्याच्या खोलीत काय होते, हे मुले पुस्तकाआधी डोळ्यांनी पाहतील. अंतर, क्षेत्रफळ, सरासरी आणि आलेख हे चारही घटक त्यात येतात. हा नकाशा एकदा जूनमध्ये, भिंती ओल्या असताना, आणि एकदा जानेवारीत करावा. दोन्ही कागद तारखेसह वर्गात शेजारी शेजारी लावावेत.